कूपे, डिकी आणि तिसरी रांग

साताऱ्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं सध्यां वाद पेटला आहे. मुलीचें सासर सांगलीस, शिवाय दर वर्षीं नरसोबाच्या वाडीस सहकुटुंब जाणें. त्यासाठीं गाडी घ्यावयाची आहे. कोणा हौशी गृहस्थाकडील जुनी कूपे मिळत आहे ती घ्यावी, हा चिरंजीवांचा हट्ट. सूनबाईंस सात आसनांची हवी. निवाडा आमच्याकडे आला. शाळा सुटली तरी निवाडे कांहीं सुटत नाहींत!

'कूपे' हा शब्द फ्रेंच; अर्थ 'कापलेली'. बर्लिन नांवाच्या बग्गीचा पुढचा भाग कापून दोघांपुरती जी गाडी केली, ती कूपे. आगगाडीच्या पहिल्या वर्गांतील दोन शय्यांची खोली याच नांवानें आपणांस परिचित आहे. मोटारींत या जातीचा उत्तम नमुना म्हणजे फोर्डची 1928 ते 1931 पर्यंतची 'मॉडेल ए' कूपे. 40 अश्वशक्तीचें एंजिन, तारांच्या आऱ्यांचीं चाकें आणि आटोपशीर छप्पर! सौंदर्याच्या बाबतींत आजची कोणतीही कौटुंबिक गाडी तिच्या शेजारीं उभी राहूं शकत नाहीं, हें आम्ही निःसंकोच मान्य करितों.

परंतु तिसरें माणूस आलें म्हणजे? अशा कित्येक गाड्यांत पाठीमागचें झांकण उघडून एक आसन निघे. त्यास इंग्रज 'डिकी' म्हणत. आपण आज जींत सामान ठेवतों, तिचें नांव तेथूनच आलें. यजमान व यजमानीणबाई छपराखालीं, आणि डिकींतील मंडळी ऊन, पाऊस व धूळ यांच्या स्वाधीन.

1984 सालीं आपल्याकडे मारुति व्हॅन आली. तिचें एंजिन पुढच्या आसनांखालीं असल्यामुळें लहानशा देहांत घरभर माणसें मावत. मग 2005 सालीं इनोव्हा, 2012 सालीं अर्टिगा. सर्वांस एकच छप्पर! येथें सूनबाईंची बाजू बळकट खरी. मात्र 2018 सालच्या नव्या अर्टिगांत तिन्ही रांगा उभ्या असतां सामानास 209 लिटर जागा उरते. शेवटची रांग दुमडल्यास 550. सात जण निघाले तर पेट्या कोणाच्या पायांशीं येणार? मागच्यांच्या. आणि मागें बसणार कोण? "मला कोठेंही चालेल" म्हणणाऱ्या, गुडघे धरलेल्या आत्याबाई. छप्पर घातलेली डिकीच ती!

पट्ट्याचाही विचार हवा. उद्योगपति सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 रोजीं पालघरनजीक अपघातांत गेले, तेव्हां ते मागच्या आसनावर पट्ट्यावांचून बसले होते. 'मॉडेल ए'त तर पट्टाच नव्हता.

तेव्हां कूपेचें चित्र चिरंजीवांनीं दिवाणखान्यांत लावावें आणि गाडी सात आसनांची घ्यावी. पण पैसे भरण्यापूर्वीं आत्याबाईंस विक्रेत्याकडे न्यावें, मधलें आसन सारून त्यांस मागें चढावयास सांगावें, पेट्या भराव्या आणि कऱ्हाडपर्यंत जाऊन यावें. विक्रेता कुरकुर करील, करूं द्यावी. परतीच्या वाटेवर मागें चिरंजीवांनीं बसावें.