पाटावरची संजा

भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातील मुली रोज सायंकाळी भिंतीवर शेणाची संजा काढतात, हे उज्जयिनीकर भगिनींना सांगणे नको. आता बाजारात छापील कागदी संजा मिळते. ती चिकटविली की सोळा दिवसांचे काम संपले! आम्हांस ती रुचत नाही. कालची आकृती खरवडून आजची नवी काढावयाची आणि अखेरीस किल्लाकोट. ही वाट पाहण्यातील गोडीच छापील कागद हिरावून घेतो.

सदनिकेतील रंगविलेल्या भिंतीची अडचण मात्र खरी. त्यासाठी जुना पाट घेऊन त्यावर गोणपाट ताणून चुका ठोकाव्यात. गुळगुळीत लाकडास शेण धरत नाही. शेणात मूठभर चाळलेली माती कालवून सारवावे. वाळल्यावर शेणाच्याच वळ्यांनी चंद्र, सूर्य, स्वस्तिक काढावे व ओले असतानाच तेरड्याच्या पाकळ्या खोचाव्यात. फुले न मिळाल्यास चमकीचा कागद आहेच. चंद्र वाकडा झाला तरी आईने आपला हात आवरावा.

खरवडलेले शेण साठवून शेवटी क्षिप्रेत सोडण्याची रीत आहे. आमच्या मते ते कुंडीतल्या तुळशीसही चालावे. चमकी तेवढी आधी वेचून काढावी.