गोंदणाची नोंद या पावसाळ्यातच व्हावी

कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर हिरवट गोंदण अजून दिसतं. नातींच्या अंगावर ते क्वचितच आढळतं. ही रीत पुन्हा सुरू व्हावी, असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांनी ती अंगावर वागवली, त्यांच्याच तोंडून तिची नोंद व्हायला हवी आणि ती लगेच व्हायला हवी. वारली चित्रं भिंतीवर होती म्हणून चित्रकार भास्कर कुलकर्णींना ती १९७०च्या दशकात कागदावर आणवता आली. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. गोंदण मात्र बाईबरोबरच संपतं. मेल्यावर दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं जुन्या बायका सांगत आल्या आहेत. आणि १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा ठाकरांच्या एका नांदत्या वाडीतली कितीतरी माणसं, त्यांना ठाऊक असलेल्या सगळ्या गोष्टींसकट ढिगाऱ्याखाली गेली.

यावर आक्षेप येईल की गोंदण म्हणजे लहान मुलींना धरून, जुडीने बांधलेल्या सुया टोचून केलेली जबरदस्ती होती. तिचं कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात आपातानी बायांचे चेहरे कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदले जात. १९७०च्या दशकात त्या समाजातल्या तरुणांनीच ही चाल थांबवली, आणि योग्य केलं. पण त्यानंतर त्या पिढीच्या म्हाताऱ्यांचे फोटो जगभर फिरले, ते बहुतेक नावाविना. आपल्याकडे हे होऊ नये. नोंद करायची तर बाईच्या संमतीने, तिच्या नावासह, वाडीतल्याच शिकलेल्या मुलामुलींनी त्यांच्याच बोलीत करावी. कितव्या वर्षी टोचलं, कोणी टोचलं, मोबदला काय दिला, नकार देता आला असता का, हे विचारावं. दुखलं असेल तर तेही लिहावं. त्या वेदनेचा पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार? शिवाय याला व्यावहारिक बाजूही आहे. सैन्यभरतीत आदिवासी उमेदवारांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाला सवलत आहे. अमुक खूण अमुक समाजाची, असं दाखवणारी विश्वासार्ह नोंद अशा वेळी कामी येऊ शकते.

पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून याच कामासाठी आहे, आणि रायगडसाठी पेणला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. दोघांनी मिळून एकेक वाडी घ्यावी. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि वाड्या ओस पडतात. माणसं पावसाळ्यात घरी असतात. पथकं तेव्हाच पाठवावीत.