चित्रांतली गाणी, ओठांवरची गाणी

लहान मुलांसाठी निर्माण झालेल्या कलाकृतींकडे आपण कौतुकाने पाहतो, गांभीर्याने मात्र क्वचितच. बोलपटांतील संगीताची चर्चा मोठी माणसे तावातावाने करतात. कार्टून-चित्रपटातले गाणे 'मुलांचे काहीतरी' म्हणून बाजूला पडते. आणि तरीही, पन्नाशी गाठलेल्या कोणा गृहस्थाला सहज विचारून पाहावे. ऐन तारुण्यात गुणगुणलेल्या कित्येक चित्रपटगीतांचे दुसरे कडवे त्याला आठवणार नाही. परंतु शाळकरी वयात दूरदर्शनवर पाहिलेल्या एका चिमुकल्या चित्रपटाचे गीत तो अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवील. तो चित्रपट म्हणजे 1974 साली निघालेला 'एक अनेक और एकता'.

अवघ्या सात-आठ मिनिटांचा हा खेळ. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला विचारतो, अनेक म्हणजे काय? बहीण सूर्य, चंद्र आणि तारे यांचा दाखला देते. मग पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या आणि एकदिलाने जाळ्यासकट उडून गेलेल्या पाखरांची गोष्ट सांगते. गोष्ट आपल्याला नवी नाही. पंचतंत्रातली कबुतरे आणि त्यांचे जाळे कुरतडणारा मित्र उंदीर आपण आजीच्या मांडीवरच भेटलेले असतो. शेवटी येते ते समूहगीत. चित्रे अगदी साधी, रंग मोजके. असे असूनही पन्नास वर्षे उलटली तरी त्या गाण्याचा गोडवा ओसरलेला नाही. याचे कारण काय असावे?

एक कारण या कलेच्या घडणीतच आहे. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी पडद्यावरून सरकतात. म्हणजे मिनिटाला 1440. एकेक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी मिनिटाला सातशेवीस चित्रे हाताने काढावी लागत. एवढे कष्ट ओतायचे, तर पाऊल कोणत्या मात्रेवर पडणार हे आधी ठाऊक हवे. म्हणून गाण्याच्या प्रसंगी बहुधा गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रे त्याच्या तालावर नंतर बेतली जातात. नेहमीच्या चित्रपटात गाणे हा पुष्कळदा अलंकार असतो. येथे ते अस्थिपंजर असते. मुलाच्या मनात सूर आणि हालचाल एकजीव होऊन उतरतात, त्या पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी 1937 साली 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. त्यातली फ्रँक चर्चिल यांनी संगीतबद्ध केलेली दोन गाणी जगभर गाजली. एक राजकन्या घर झाडताना म्हणते, दुसरे खाणीतले काम आटोपून घराकडे निघालेले बुटके म्हणतात. दोन्ही श्रमाची गाणी! आपल्या आयाबायांनी जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या, त्यांचे हे दूरचे भाऊबंदच म्हणायचे. 1940 च्या 'पिनोकिओ'तले, आकाशातल्या ताऱ्याकडे मागणे मागणारे गीत ऑस्करचे मानकरी ठरले. तेही प्रार्थनेच्याच जातीचे. आणि 1967 च्या 'जंगल बुक'मध्ये बाळू अस्वल मोगलीला थोडक्यात भागवून सुखाने जगावे कसे, हे गाण्यातूनच शिकवते. काम, प्रार्थना, शिकवण: माणसाच्या घरात गाणे ज्या कारणांनी जन्माला आले, त्याच कारणांनी ते या चित्रांतही जन्मले. म्हणूनच ते टिकले.

हा मोगली मुळात आपल्याच मध्य प्रदेशातला, हे पुष्कळांना सांगूनही खरे वाटत नाही. किप्लिंगने 1894 साली त्याला सिवनीच्या डोंगरांत वाढवले. तेथून तो कॅलिफोर्नियात गेला, पुढे जपानी चित्रकारांच्या हाती पडला आणि 1990 नंतरच्या काळात दूरदर्शनवर हिंदी बोलत स्वगृही परतला. त्या मालिकेचे गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत रविवारी सकाळी घराघरांत दुमदुमत असे. परदेशी चित्रांवर चढवलेले हे देशी गाणेच मुलांनी आपले मानले. चित्र कोठूनही येवो, गाणे आपल्या तोंडात बसणारे हवे, एवढाच त्याचा अर्थ.

येथे इंदूरच्या मराठी वाचकाच्या मनात एक जुना सल डोके वर काढील. ही सारी गाणी इंग्रजी नाहीतर हिंदी. आपल्या नातवंडांच्या ओठांवर मराठी कोठे आहे? होळकरांच्या काळापासून आपण येथे नांदलो, बाहेर हिंदी आणि उंबरठ्याच्या आत मराठी अशी दोन वस्त्रे सहज पांघरली. आता उंबरठ्याच्या आतही नातू मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देतो. ही चिंता खोटी नाही, आणि तिला हसण्यावारी नेणे बरे नव्हे.

परंतु ज्या हिंदी गाण्यापासून आपण प्रारंभ केला, ते कोणाच्या हातून घडले हेही पाहिले पाहिजे. 'एक अनेक और एकता'च्या दिग्दर्शिका विजया मुळे. जन्म मुंबईचा, 1921 चा. विवाहानंतर त्या पाटण्यास गेल्या. 1959 साली देशातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा सत्यजित राय यांच्यासमवेत त्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. गीत विनयचंद्र मौद्गल्य यांचे. ते दिल्लीतील गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक आणि विनायकराव पटवर्धनांचे शिष्य; म्हणजे पलुस्करांच्या परंपरेतले. संगीत वसंत देसाई यांचे. कुडाळ परिसरात जन्मून 'प्रभात'मध्ये घडलेले हे संगीतकार. 'दो आँखें बारह हाथ'मधली त्यांची प्रार्थना देशभरच्या शाळांतून म्हटली गेली, आणि ती गायिली आपल्या इंदूरातच जन्मलेल्या लता मंगेशकरांनी. बालगायिका होती दाभोळची साधना सरगम, तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. चित्रे हलती केली भीमसैन यांनी. त्यांचे मूळ मुलतानचे. हिंदीतल्या या गाण्यात मराठी हात किती गुंतले आहेत पाहा! वसंत देसाई 1975 च्या डिसेंबरात अपघाताने गेले. हे गाणे त्यांच्या अखेरच्या वर्षांतले. मुलांच्या गाण्याला त्यांनी दुय्यम लेखले नाही. चाल सोपी ठेवली, पण उथळ केली नाही.

मग मराठीत असे का घडले नाही? प्रारंभ तर आपलाच होता. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्यांचा खेळ पडद्यावर मांडला तो 1915 च्या सुमारास. तो अर्थात मूक. 'प्रभात'ने 1934 साली 'जंबू काका' काढला. पुढे ती वाट मोठी झाली नाही, कारण या कलेला लागणारा पैसा आणि वेळ प्रादेशिक बाजारपेठेला झेपणारा नव्हता.

तरीही हताश होण्याचे कारण नाही. 1953 च्या 'देवबाप्पा'तले मोराचे गाणे आठवावे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, स्वर आशा भोसल्यांचा. त्यामागे एकही हलते चित्र नव्हते. आज मोबाइलवर त्याची रंगीत चित्रे नाचताना दिसतात, पण ती त्या गाण्याच्या मागून आली. सत्तर वर्षे ते जगले ते अंगणात, बालवाडीत, पाळण्याशेजारी. कोणीतरी म्हटले आणि कोणीतरी त्यावर फेर धरला म्हणून जगले.

सारे मर्म येथेच आहे असे वाटते. 'एक अनेक'चे गीतही दूरदर्शनने नुसते ऐकवले नाही. शाळांच्या प्रांगणात ते शेकडो मुलांनी एकत्र म्हटले. पडदा गाणे मुलाच्या कानापर्यंत आणतो. कानापासून ओठांपर्यंतचा प्रवास मात्र माणसाच्या सोबतीनेच होतो. मोबाइल मुलाला गाऊन दाखवतो, पण मुलाचे गाणे ऐकत नाही. ते चुकले तर हसत नाही, पुन्हा म्हण म्हणत नाही, त्याच्याबरोबर टाळी देत नाही. आजीला हे सारे येते.

तेव्हा नातवंडाच्या हातातली चित्रे हिसकावून घेण्याचा अट्टाहास नको. त्याने पाहिलेले गाणे हिंदी असो, इंग्रजी असो, आपण त्याच्याकडून शिकावे आणि त्याच्यासंगे म्हणावे. एकदा गाण्याची देवघेव सुरू झाली, की दुसरे गाणे आपले असावे. मोराचे म्हणा, चांदोबाचे म्हणा, आपल्या आईने शिकवलेले एखादे म्हणा. मूल भाषेची सक्ती ओळखते आणि टाळते. गाण्याचा लोभ त्याला टाळता येत नाही. इंदूरच्या मराठी घराने दोन भाषा आजवर भांडणाने नव्हे, गोडीने सांभाळल्या. पुढच्या पिढीतही त्या सांभाळल्या जातील, मात्र त्यासाठी संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातल्या कोणीतरी मोठ्या माणसाने, गळा कसाही असो, तोंड उघडले पाहिजे.