दहावीचे वर्ष आणि पेढीची गादी

व्यापारी कुटुंबात दिवाळी म्हणजे हिशेबाचा सण. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनाची पूजा होते, पाडव्याला नवी वही उघडली जाते. येणी-देणी तपासली जातात, मालाचा साठा मोजला जातो आणि पुढच्या हंगामाचे अंदाज बांधले जातात. ज्या घरात दहावीत शिकणारे मूल असते, तिथेही हीच बैठक बसते. पण त्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा विषय तीत सहसा निघत नाही. दिवाळीपर्यंत दहावीचे निम्मे वर्ष सरलेले असते. त्यानंतर उजळणी, परीक्षा, निकाल, आणि मग प्रवेशाचे मोजके दिवस. आयुष्याची दिशा ठरवणारा निर्णय त्या घाईत घेतला जातो.

खरे तर अनेक घरांत तो घेतलाही जात नाही. तो गृहीत धरला जातो. सांगलीच्या हळदीच्या पेढीवर असो वा साताऱ्याच्या मोती चौकातील कापडाच्या दुकानात, मुलाबद्दल एक वाक्य ठरलेले असते : ‘शेवटी गादीवरच बसायचे आहे, कॉमर्स घेऊ दे.’ मुलीबद्दलचे वाक्य वेगळे : ‘शिकू दे तिला हवे ते, पुढचे सासरचे पाहतील.’ दोन्ही वाक्यांत प्रेम आहे, पण विचारणा नाही. मुलाला वाटते की आपले मत कोणाला नको आहे. मुलीला वाटते की आपल्या शिक्षणाला काही प्रयोजन नाही. दोघेही गप्प राहतात आणि घरात तो गप्पपणा संमती म्हणून खतावला जातो.

वडिलांची काळजी खोटी नसते. तीन पिढ्यांनी उभी केलेली पत, बाजारातील शब्दाची किंमत, जुन्या अडत्यांशी आणि शेतकऱ्यांशी असलेले संबंध ही पुस्तकातून मिळणारी मालमत्ता नव्हे. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तर हे सारे कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न साठीकडे झुकलेल्या व्यापाऱ्याची झोप उडवतो. परंतु ज्या पेढीसाठी मुलाला थांबवायचे, ती पेढी आज कोणत्या ज्ञानावर चालते, हेही पाहावयास हवे. एके काळी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद साठवली जाई आणि तिची पारख हाताने, वासाने, रंगाने होई. आज माल गोदामात आणि शीतगृहात ठेवला जातो. गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते. परदेशी ग्राहक हळदीतील कुरकुमिनचे प्रमाण आणि कीटकनाशकांचे अंश प्रयोगशाळेतून तपासून मागतो. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू आहे. रसायनशास्त्र शिकलेला किंवा अन्नतंत्रज्ञानाचा पदवीधर मुलगा या पेढीला परका नाही. उलट, मनाविरुद्ध कॉमर्स घेऊन कसाबसा पदवीधर झालेला मुलगाच तिला महाग पडू शकतो.

आखून दिलेल्या वाटेपासून दूर गेलेली माणसे समाजाला नवी नाहीत. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या व्यवसायात न रमता रेल्वेच्या बांधकाम कंत्राटांकडे वळले. लक्ष्मण बळवंत फाटक हे त्यांचे भागीदार पूर्वी रेल्वेत कारकून होते. पुढे 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन आणि 1940 साली बंगळूरचा विमानांचा कारखाना, अशी त्यांची मजल गेली. सांगलीत 1947 साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. कुंभोजच्या जैन कुटुंबात 1887 साली जन्मलेले भाऊराव पाटील मॅट्रिकही होऊ शकले नाहीत. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र तेथील मुलांना दिला. या दोघांना दहावीत मार्ग दाखवणारे कोणी नव्हते. आजच्या मुलाला ते मिळू शकते. प्रश्न घरातल्यांनी बसून बोलण्याचा आहे.

बोलायचे म्हणजे काय, तर कोणत्या विषयाने कोणते दार उघडे राहते आणि कोणते बंद होते, हे निकालापूर्वी समजून घ्यायचे. अकरावीला कॉमर्स घेणाऱ्यापुढे पुष्कळ ठिकाणी गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. अवघड म्हणून गणित सोडले जाते. पण सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एक संपूर्ण प्रश्नपत्रिका गणित, तर्क आणि संख्याशास्त्राची असते. या परीक्षेसाठी दहावीनंतरच तात्पुरती नोंदणी करता येते. परीक्षा बारावीनंतर देता येते. अभियांत्रिकीकडे जायचे, तर भौतिकशास्त्र आणि गणित हवे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळवण्याचा मार्गही आहे. मिरज आणि कराड येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलाला हा मार्ग अकरावी-बारावीपेक्षा अधिक मानवतो. तो कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही.

प्रवेशाची रीतही बदलली आहे. 2025-26 पासून संपूर्ण महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. विद्यार्थ्याला दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास ते स्वीकारावे लागते. पूर्वी ओळखीच्या प्राध्यापकांना भेटून जागा मिळवण्याचा प्रयत्न होई. आता पसंतिक्रम विचारपूर्वक भरण्याला मोल आहे. जैन समाजाला 2014 साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचे दाखले, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, आधार आणि गुणपत्रिकेवरील नावांतील तफावत या गोष्टी निकालाच्या दिवशी नव्हे, दिवाळीनंतरच्या निवांत आठवड्यात पाहाव्यात.

पैशाचा भाग व्यापाऱ्याला शिकवण्याची गरज नाही, असे समजले जाते. पण शिक्षणाच्या बाबतीत अडचण बहुधा इथेच येते. हळदीची आवक फेब्रुवारीपासून वाढते. घरातील सारी रोकड खरेदीत अडकते आणि जूनमध्ये फी भरायची वेळ येते, तेव्हा माल गोदामात असतो. म्हणून शिक्षणाची रक्कम पेढीच्या भांडवलात मिसळू नये. तिचे खाते वेगळे असावे आणि भाव कितीही मोहात पाडोत, त्याला हात लावू नये. मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते असेल, तर ती दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा तिचे वय 18 वर्षे झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, उच्च शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या 50 टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. ही रक्कम शिक्षणासाठी आहे, हे घरात स्पष्ट असावे. ती लग्नासाठीच राखून ठेवली जाते, असे दिसून येते. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात, म्हणून पेढीच्या कर्जाचे हप्ते थकले असतील, तर त्याची छाया मुलाच्या अर्जावरही पडते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास बँका सामान्यतः तारण मागत नाहीत आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर सुरू होते. फी भरण्याची ऐपत असलेल्या घरानेही मुलाच्या नावे थोडे कर्ज घेण्याचा विचार करावा. स्वतःच्या शिक्षणाची किंमत त्याला त्यामुळे कळते.

आणि पेढीचे काय? तिची दारे मुलासाठी उघडी ठेवावीत, पण कुलूप लावू नये. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत मुलाने आणि मुलीनेही महिनाभर दुकानात बसावे : मुनीमजींकडून नोंदी पाहाव्यात, एक लिलाव उभे राहून पाहावा, एका गिऱ्हाइकाची वसुली कशी होते हे समजून घ्यावे. दुसरा महिना बाहेर, एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात काढावा. त्यानंतर आई-वडिलांनी एवढेच विचारावे : ‘तुला काय आवडले आणि काय आवडले नाही?’ उत्तर मनासारखे नसले, तरी पूर्ण ऐकून घ्यावे. व्यापारात भागीदाराची निवड दोघांच्या संमतीने होते, तेव्हाच ती टिकते. पेढीला पुढची पिढी हवी असेल, तर तिलाही तोच मान द्यावा लागेल.