भिंत चर्चमधली आणि आपल्या घरातली



धर्म बदलला की जात आपोआप गळून पडते, असे आपणांपैकी अनेकांस वाटते. ही समजूत किती धोक्याची आहे, हे तामिळनाडूतील एका कॅथलिक धर्मग्रामाच्या इतिहासावरून ध्यानी घ्यावे.

तिरुनेलवेली जिल्ह्यात वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. तेथे जेझुइट धर्मगुरूंचे ठाणे होते. त्रावणकोर दरबारातील नीलकंठ पिल्लै या अधिकाऱ्याने १७४५ साली तेथेच बाप्तिस्मा घेऊन देवसहायम हे नाव धारण केले. पुढे १७५२ साली त्यांस गोळ्या घालून मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. तत्पूर्वी त्यांच्या नावापुढील ‘पिल्लै’ हे जातिवाचक उपपद चर्चने वगळले होते.

परंतु याच गावी १८७२ साली जे नवे चर्च उभे राहिले, त्याची रचना पाहा. वेदी एक आणि सभामंडप दोन! एकात वेल्लाळ बसावयाचे, दुसऱ्यात नाडार व इतर जाती. देव एक, प्रार्थना एक, धर्मगुरूही एकच. परंतु शेजारी बसणे मात्र विटाळाचे! ही विभागणी करणारी भिंत १९१० साली पाडण्यात आली. तेव्हा वेल्लाळ ख्रिस्ती स्वधर्मीयांविरुद्ध न्यायालयात गेले. आपली जागा वेगळी असावी, हा त्यांचा दावा! मद्रासच्या उच्च न्यायालयातही तो टिकला नाही. ज्या धर्मात जातीस आधार नाही, त्या धर्मातील माणसे जातीच्या हक्कासाठी कज्जा लढली, यावर आपण विचार केला आहे काय?

कॅथलिक धर्मग्रामांनी चर्चशेजारी शाळा काढल्या, गोरगरिबांच्या मुलांच्या हाती पाटी दिली, हे उपकार कोणी नाकारू नयेत. परंतु शाळेत शिकलेला धडा घरी गिरवला गेला नाही, तर अक्षरओळख होते, माणुसकीची ओळख होत नाही. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात टिकून राहिली, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

मात्र चर्चला नावे ठेवून आपली सुटका नाही. आपल्या विहारात विटांची भिंत नाही, हे खरे. पण मुलीचे स्थळ पाहताना सोमवंशी की लाडवण, अशी चौकशी कुजबुजत्या आवाजात होते ना? मातंग, चर्मकार वा भटक्या समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबास आपण वंदनेला बोलावतो; सोयरिकीला बोलावतो काय? जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह होय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत समता मानण्याची प्रतिज्ञा वेगळी आहे आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची वेगळी. पहिली उच्चारणे सोपे. दुसरी पाळावी लागते. वडक्कनकुळमची भिंत अडतीस वर्षे उभी राहिली आणि कोणीतरी कुदळ उचलली तेव्हाच ती पडली. म्हणून नवदीक्षित कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच: येत्या लग्नसराईत पोटजात विचारू नका, कोणी विचारल्यास सांगू नका आणि काल धम्मात आलेल्यास विहाराच्या कार्यकारिणीत आज स्थान द्या.

जय भीम!