हलगी दाराबाहेर का?

मिलमध्ये खाडा करून वादकांच्या युनियनच्या अधिवेशनाला गेलो. ढोलकीवाला म्हणून मला बिल्ला मिळाला. पाहुण्यांच्या स्वागताला हलगी दाराबाहेर कडकडत होती. हलगीवाल्यांना बिल्ला नाही. पुढारी म्हणाले, ती गावकी, कला नव्हे. मग तबल्यावरचं कातडं काय आभाळातनं पडलं?

शिकागोत गोऱ्या वादकांच्या युनियननं काळ्यांना दार लावलं, तेव्हा त्यांनी १९०२ साली स्वतःची शाखा काढली. दोन्ही एक व्हायला १९६६ उजाडलं.

आपल्यातले काही म्हणतील, हलगी फोडा. गावकीची फोडाच! पण सुपारी घेऊन वाजवणाऱ्याचा रेट कोण ठरवणार? दहा जणांचे अर्ज भरलेत, वर्गणीसकट. नाकारायचे तर लेखी नाकारा.