शिऱ्याशी भांडण नाही

नास्तिक माणसाला धर्म डोळ्यासमोरच नको असतो, असा एक समज आहे. मी नास्तिक आहे आणि माझं तसं काही नाही. शेजारच्या काकूंच्या सत्यनारायणाला मी जातो, प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतो. गावावरून दिंडी जाते तेव्हा पाणी द्यायलाही उभा असतो. त्यांचा विठ्ठल, त्यांची श्रद्धा. पण तोच सत्यनारायण सरकारी कचेरीत, कामाच्या वेळेत, वर्गणी काढून घातला जातो, तेव्हा तो नेमका कुणाचा असतो?

"सक्ती थोडीच आहे?" हे उत्तर ठरलेलं. वर्गणीची यादी टेबलाटेबलावरून फिरते. पूजेला साहेब स्वतः सपत्नीक बसलेले. आपल्या नावापुढचा रकाना कोरा ठेवायची हिंमत नवीन लागलेल्या कारकुनाने कुठून आणायची? आणि दाखल्यासाठी आलेला माणूस, मुसलमान असेल, बौद्ध असेल नाहीतर माझ्यासारखा, दाराबाहेर थांबून काय समजून घेतो? अशी सक्ती कधीच लेखी नसते हो.

लेखी तर उलटंच आहे. संविधानाचं कलम 28 म्हणतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येणार नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. त्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडवली गेली. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाची बाजू उचलून धरली. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने सांगितलं की 'मला धर्म नाही' असं म्हणायचाही नागरिकाला हक्क आहे, सरकार त्याला अर्जात धर्म लिहायला लावू शकत नाही. साक्षीदाराला न्यायालयात ईश्वराची शपथ नको असेल तर प्रतिज्ञा करता येते. हे सगळं आहे. पण माहीत किती जणांना आहे?

अर्थात न्यायालयंही एका सुरात बोलत नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाला आक्षेप घेणारी याचिका 2011 साली फेटाळली गेली आणि याचिकाकर्त्याला वर 20 हजारांचा भुर्दंड बसला. याउलट मार्च 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नव्या न्यायालयाच्या भूमिपूजनाला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आले आणि तिथेच म्हणाले, न्यायालयाच्या कार्यक्रमांतली पूजाअर्चा आता थांबवा, संविधानाच्या उद्देशिकेपुढे झुका. 2014च्या त्या निकालाच्या खंडपीठावरही ओकच होते. पूजेच्या मांडवात उभं राहून असं बोलायला धाडस लागतं.

आता थोडं आमच्या लोकांबद्दल. फेसबुकवरच्या नास्तिकांना वारीची टिंगल करायला फार आवडतं. शेतातली कामं उरकून पंढरपूरला चालत निघालेल्या बाईला अडाणी म्हणायला काय लागतं? तिला काही सत्ता नाही. ज्याच्याकडे सही-शिक्का आहे त्या साहेबाला "ऑफिसात पूजा नको" म्हणायची वेळ आली की हीच मंडळी रजा टाकतात. याला नास्तिकता म्हणत नाहीत, ही नुसती सोय.

दाभोलकरांनी हा फरक नीट ओळखला होता. देवाधर्माला विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असं ते कायम सांगत. तरी जादूटोणाविरोधी कायदा आला तर घरात सत्यनारायण घालता येणार नाही, वारी बंद होईल, अशा अफवा वर्षानुवर्षं पसरवल्या गेल्या. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. वाचून बघा. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यातच स्पष्ट लिहिलंय. ज्यांना 'धर्मबुडवे' म्हणून शिव्या घातल्या, त्यांनी मागितलेल्या कायद्यात वारकऱ्याचं भजन असं सांभाळलेलं आहे.

आम्हालाही तेवढंच हवंय. तुमचं भजन तुमच्याकडे राहू द्या, कचेरी सगळ्यांची राहू द्या.

2011च्या जनगणनेत देशातल्या 121 कोटींपैकी जेमतेम 28-29 लाख लोकांच्या नावापुढे 'धर्म सांगितला नाही' अशी नोंद आहे. त्यातलेही सगळे नास्तिक नसणार. आपल्याकडे प्रगणक येतो, घरातलं जे कुणी दार उघडेल ते सगळ्या कुटुंबाचा धर्म एका दमात सांगून टाकतं, चहा होतो, विषय संपतो. आणि मग कचेरीतला साहेब विचारतो, पूजा नको असलेले असे आहेतच किती?

2027च्या जनगणनेचा माणूस आमच्या गल्लीत येईल त्या दिवशी मी घरीच थांबणार आहे. आईला तसं आत्ताच सांगून ठेवलंय. तिचा धर्म तिने सांगावा, माझ्या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगेन.